आपल्या डोंगरातली पानगळ



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा चालकभगिनींनी मला निरोप धाडला, "पाककृती पुष्कळ आल्या आहेत, तुम्ही दुसरे काहीतरी लिहा." मी सातवी शिकलेली बाई, लिहिणार ते काय? परंतु गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घडलेली एक गोष्ट मनात घोळत होती. शेजारच्या काकूंची सून अमेरिकेत असते. तिने तिकडच्या रानाचे फोटो पाठवले होते. डोंगरच्या डोंगर तांबडे, पिवळे, शेंदरी! सगळ्याजणींनी मोबाईल हातोहात फिरवला. एक नवी लग्न होऊन आलेली मुलगी म्हणाली, "आपल्याकडे असे काही नाहीच." मी वाण ओटीत घेऊन गप्प बसले. चार बायकांत वाद कशाला, असे वाटले. तेव्हा न बोललेले आता लिहिते.

आपल्याकडे पाने रंगतात, पण लोक चुकीच्या महिन्यात पाहतात. तिकडे आश्विन-कार्तिकाच्या सुमारास दिवस लहान होतो, थंडी पडू लागते, आणि झाडे पाने टाकण्याची तयारी करतात. पानातला हिरवा रंग विरतो, आत दडलेला पिवळा उघडा पडतो, काही झाडे जाता जाता तांबडाही तयार करतात. आपल्याकडे त्या दिवसांत भात पोटरीतून बाहेर पडलेले असते आणि रान हिरवेगार असते. दसऱ्याला आपण आपट्याचे पान सोने म्हणून वाटतो, तेही हिरवेच. (त्या एका दिवसासाठी आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात आणतात, ते मला मुळीच आवडत नाही. एक पान दिले तरी सोनेच की!) आपल्या झाडांना थंडीचे भय नाही, त्यांना चिंता पाण्याची. जमिनीतली ओल उतरू लागली की झाड पाने टाकून आपला खर्च कमी करते, आपण महिनाअखेर करतो तसा. म्हणून आपली पानगळ पौषापासून होळीपर्यंत, आणि मागोमाग नवी पालवी.

ती पाहायला लांब जावे लागत नाही. पौषात देशी बदामाचे झाड पाहा. पुष्कळ शाळांच्या आवारात असते. त्याचे मोठे पान असे लाल होते की अमेरिकेच्या पानाला हार जाणार नाही. आपले राज्यफूल ताम्हण, त्याचीही पाने गळण्याआधी तांबूस होतात. सागाचे पान पिवळे, मग तपकिरी होते, आणि पडताना पापड मोडल्यासारखा आवाज करते. माघात पळस आणि सावर निष्पर्ण होतात, आणि फुले त्या उघड्या फांद्यांवरच येतात.

आता एक गंमत सांगते. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीसाठी शिवनेरीवर आपण सगळ्या जातो. १६३० साली महाराजांचा जन्म झाला तो याच उघड्या दिवसांत. गवत वाळून पिवळे, उतारावरच्या कितीतरी झाडांच्या नुसत्या काड्या. त्याच सुमारास महाशिवरात्र येते आणि लोक भीमाशंकरला जातात. (देऊळ खेड तालुक्यात, पण रान आपल्या आंबेगावातही पसरलेले आहे.) तिथे पाहावे तर अंजन, जांभूळ सगळे हिरवे, खाली सावली. दोन्ही ठिकाणे एकाच जिल्ह्यातली, दिवसही तेच. कारण असे, की घाटमाथ्यावर पाऊस अतोनात पडतो आणि तिथून पूर्वेकडे यावे तसतसा झपाट्याने कमी होतो. माथ्यावरच्या झाडाला पाने टाकायची गरज भासत नाही. शिवनेरीच्या झाडाला भासते. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य झाले ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू पानाकाड्यांची घरटी उंच फांदीवर बांधते आणि झाडाझाडांवरूनच फिरते. रान सलग नसेल तर त्याचे चालत नाही.

पण खरा रंग पाहायचा तर फाल्गुनात कोशिंब पाहावा. कुणी त्याला कुसुंब म्हणतात. त्याची पडणारी पाने काही विशेष नाहीत. नवी पालवी फुटते ती रक्तासारखी लाल. कोवळ्या पानात हिरवा रंग भरायला वेळ लागतो, तोवर हा तांबडा रंग त्याला उन्हापासून राखतो. आठ-पंधरा दिवसांत पान तांबूस, मग पोपटी, मग साधे हिरवे. तेवढ्या दिवसांत गेले तर गेले. चैत्रात पिंपळाची पालवी तांब्यासारखी चकाकते, आणि करंज जुनी पाने टाकून पाहता पाहता नवी घेतो.

करंजावरून आठवले. मानमोडीच्या डोंगरात लेणी आहेत, तिथल्या ब्राह्मी लेखांत झाडांची नावे येतात. सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी आदुथुम नावाच्या एका शक गृहस्थाने एका श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, जमीन सोपवली. वीस निवर्तने करंजाच्या नावाने आणि नऊ वडाच्या नावाने. निवर्तन हे तेव्हाचे जमिनीचे माप. परदेशातून आलेल्या वंशाचा माणूस, आणि आपल्या जुन्नरात करंज-वडासाठी दान देतो! मी लेणी पाहायला गेले तेव्हा मला अक्षरे वाचता आली नाहीत, पण तिथे हात जोडले.

नंतरच्या काळातही या तालुक्यांत झाडांचा हिशेब पुष्कळ झाला. डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन या साहेबाने जुन्नर तालुक्यातल्या हिवरे गावी सरकारी बाग चालवली होती. लष्करी दवाखान्यांना लागणारी औषधी झाडे तिथे लावीत. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा जंगलांचा पहिला मुख्य अधिकारी झाला. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे तो वरिष्ठांना लिहून कळवीत असे, आणि ते खोटे नव्हते. परंतु १८७८ चा जंगल कायदा आला तेव्हा राखीव जंगलाच्या रेघा ओढल्या गेल्या, आणि ज्यांची चूल आणि शेत त्या रानावर चालत होते ते रेघेबाहेर राहिले. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये हेच मांडले आहे: पूर्वी अल्प जमिनीचा कुणबी रानातली फळे खाऊन, पळसा-मोहाची पाने-फुले विकून कसाबसा निभावून नेई, तेही जंगलखात्याने बंद केले. १८८५ साली सरकारला त्यासाठी चौकशी कमिशन नेमावे लागले. त्यात घाटाखालच्या ठाण्याकडचा मोठा प्रश्न होता राबाचा.

राब म्हणजे काय, हे पूर्वेकडच्या बागाईत भगिनींना ठाऊक नसेल. माझे माहेर घोड नदीच्या वरच्या खोऱ्यात, भाताच्या गावात. भाताचे रोप ज्या वाफ्यात करायचे त्याला दाढ म्हणतात. दाढीवर आधी शेण पसरायचे, त्यावर कवळ, म्हणजे छाटून वाळवलेल्या फांद्या, मग पातेरा, म्हणजे गळालेली पाने, वर गवत, आणि शेवटी बारीक माती. मृगाच्या आधी ते सावकाश भाजायचे. तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेचे खत मिळते. आमच्या घरी पानगळ ही पाहायची वस्तू कधीच नव्हती, ती गोळा करायची होती.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, माघात ऐनावर चढून कवळ तोडीत. शेंडा राखून बाकीच्या फांद्या घ्यायच्या, म्हणजे झाड मरत नाही आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा देते, असा त्यांचा नेम होता. मी पाचवीत असताना ते ऐनावरून खाली आले. कमरेला मार बसला. त्यानंतर त्यांना वाकून आवणी कधी करता आली नाही. पुढच्या वर्षी आईने झाडावर चढायचे सोडून दिले आणि नुसता पातेरा गोळा करायचे ठरवले. ती आणि आम्ही दोघे भावंडे पहाटे पाट्या घेऊन निघत असू. आमच्यासारख्या सगळ्याच घरच्या बायका निघायच्या, त्यामुळे जवळचे रान झाडल्यासारखे स्वच्छ. पाटी भरायला डोंगर चढावा लागे.

एके दिवशी मी आणि भाऊ देवाच्या राईच्या कडेला गेलो. तिथे पातेरा घोट्याच्या वर साचलेला. दोन पाट्या दाबून भरल्या आणि मोठ्या आनंदाने घरी आलो. आजी दारात होती. तिने पान हातात घेतले, वास घेतला आणि विचारले, "हे राईतले ना?" आम्ही कबूल केले. तिने आम्हाला उभ्याउभ्या परत पाठवले. स्वतःही काठी टेकीत मागून आली. पाट्या होत्या तिथे ओतायला लावल्या आणि देवापुढे नारळ फोडला. आई वाटेत भेटली, तिच्या डोळ्यांत पाणी आले. दादा अंथरुणावर, दाढ अर्धी उघडी, आणि सासू भरलेल्या पाट्या ओतून टाकते! मला त्या दिवशी आजीचा फार राग आला होता. आजही तो पुरता गेलेला नाही. पण राई अजून उभी आहे, आणि तिच्या पोटातला झरा वैशाखात वाहतो, हेही खरे. आमच्या मागे आहुप्याची आणि जुन्नरकडे दुर्गवाडीची राई अशीच राखलेली आहे. १९७० नंतरच्या वर्षांत डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा शहरातल्या लोकांना या रायांचे मोल कळले. आमच्या आजीला अभ्यास ठाऊक नव्हता. ती देवाला भीत होती.

मी सातवी झाले त्या सुमारास घर उठले. डिंभे धरणाचे पाणी चढत गेले आणि गेल्या शतकाच्या अखेरीस आमच्यासारखी पुष्कळ शिवारे त्यात गेली. ज्याचे नाव तालुक्याला आहे ते मूळ आंबेगावसुद्धा पाण्याखालीच आहे. कचेऱ्या घोडेगावला आहेत. त्या पाण्याने पूर्वेकडचा ऊस आणि बटाटा पिकतो, आमच्या जुन्नरच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते, हे मी विसरत नाही. आम्ही वर माळावर राहायला गेलो, शाळा लांब पडली आणि माझी पाटी-पुस्तके सुटली. आमच्या ओढ्याकाठी एक मोठा कोशिंब होता. धुणे धुताना त्याची पालवी पाण्यात लाल दिसे. उन्हाळ्यात धरण उतरले की काही वर्षे त्याचा पांढरा सांगाडा उघडा पडायचा. आई बोट दाखवी, "तो आपला." आता तोही दिसत नाही.

हल्ली राब कमी झाला आहे; पिशवीतले खत आले, छाटायला माणसे राहिली नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करायचा हक्क लिहून दिला, तेव्हा बाळहिरडा वेचणाऱ्या बायकांना थोडे बळ आले. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने हिरड्याची झाडे पुष्कळ मोडली, तो घाव मात्र अजून भरायचा आहे. पत्रावळीचेही तसेच. थर्माकोलवर २०१८ साली बंदी आली तरी पळसाची पत्रावळ टोचणारी बाई लग्नघरी शोधावी लागते. आणि वाईट वाटते ते वणव्याचे. गवत चांगले येते म्हणून फाल्गुनात कुणीतरी काडी लावतो, आणि एका दुपारी अख्ख्या उताराचा पातेरा जातो. राबात पाने जळत ती वाफ्यापुरती, आणि राखेचे भात होई.

ज्यांना पाहायला जायचे असेल त्यांच्यासाठी सांगते. होळीच्या आगेमागे सकाळच्या वेळी जुन्नरहून घाटघरच्या वाटेने नाणेघाटाकडे जावे. नागनिका राणीचा लेख असलेले ते लेणे आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आपण पाहिलेलाच असतो. या वेळी वाटेतले उतार पाहावे. दुसरी वाट ओतूरवरून माळशेजची. तिसरी घोडेगाव, डिंभे, आहुपे. ती लांबची आहे, पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. राईत गेलात तर पायातले काढून जा, आणि पान उचलू नका.

या फाल्गुनात मी हळदीकुंकवातल्या त्या नव्या सूनबाईला घाटघरच्या बाजूला घेऊन गेले. तिच्या सासूबाईंची परवानगी काढायला दोन दिवस गेले, ती कथा वेगळी! वळणावर समोरच्या उतारावर दोन कोशिंब लालभडक उभे होते. ती म्हणाली, "काकू, पांगारा फुललाय."

"फुले नव्हेत ती, पाने आहेत."

ती खाली उतरून थेट झाडापाशी गेली, एक डहाळी हातात धरून बराच वेळ पाहत राहिली, आणि मग तिने फोटो काढला. संध्याकाळी तो काकूंच्या सुनेला अमेरिकेत पाठवला. तिकडून रात्री उत्तर आले: हे कुठे आहे, आणि कुठल्या महिन्यात यायचे?