हिऱ्यासारखा

लेथवर काम करणारे माझे चाचा 'विडिया' हा शब्द घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसा घेत. "जपून ठेव बेटा, पडला की तुटला!" लोखंड कापणारी वस्तू नुसती पडून कशी तुटते, याचं मला लहानपणी फार नवल वाटे.

नाव जर्मन आहे. 'वी डियामांट', म्हणजे हिऱ्यासारखा. मूळ मात्र विजेच्या दिव्यात. दिव्यातली टंगस्टनची तार हिऱ्याला पाडलेल्या छिद्रातून ओढून बारीक करत, आणि हिरे महाग. टंगस्टन कार्बाइड कठीण खरं, पण ठिसूळ. बर्लिनच्या ओसराम कंपनीतल्या कार्ल श्रोटरनं १९२३ साली तोड काढली. कार्बाइडच्या भुकटीत थोडा कोबाल्ट मिसळायचा, दाबायचं आणि सुमारे १४०० अंशांवर भाजायचं. कोबाल्ट वितळून दाण्यादाण्यांत शिरतो. झिजेला दाणे पुरून उरतात, धक्का कोबाल्ट पचवतो. कोबाल्ट वाढवला तर तुटणं कमी, पण झिजणं जास्त. चाचांची धास्ती या हिशेबातली होती.

१९२६मध्ये एसेनच्या क्रुप कंपनीनं विडिया बाजारात आणला. १९२८ साली तिनं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी करार केला, आणि तिकडे पौंडाला पन्नासेक डॉलरचा माल साडेचारशेवर गेला! या मक्तेदारीबद्दल अमेरिकी न्यायालयानं जनरल इलेक्ट्रिकला दोषी ठरवलं ते १९४८ साली. मध्ये एक महायुद्ध होऊन गेलं होतं.

चाचा आता नाहीत. मी कविता लिहितो त्या बॉलपेनच्या टोकातली गोळीही बहुधा याच टंगस्टन कार्बाइडची असते. पेन हातातून पडलं की मी आधी टोक बघतो.