कच्चा लिंबू आणि काचेवरचे गोल्फ

आपल्या अंगणातल्या खेळांत एक फार शहाणी सोय आहे. लपंडाव असो की शिवणापाणी, एखादे धाकटे भावंड ‘मलाही घ्या’ म्हणून रडू लागले की त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून घेतात. ते धावते, ओरडते, पकडलेही जाते; पण त्याच्यावर राज्य येत नाही. अंगण तेच, खेळ तोच, नियम मात्र त्याच्यापुरते सैल. संगणकावरील गोल्फच्या खेळांचा इतिहास चाळताना हा कच्चा लिंबू मला पुन्हा पुन्हा भेटत गेला.

गोल्फ हा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल तो छावणीच्या कुंपणाबाहेरून. सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात चेंडू घालायचा, अशी १८ भोके, आणि सगळी मिळून बहुधा ७२ फटके अपेक्षित. या अपेक्षित संख्येला ‘पार’ म्हणतात. कच्च्या लिंबाची सोय या खेळात पूर्वीपासूनच आहे. तिचे नाव ‘हँडिकॅप’. दुबळ्या खेळाडूच्या एकूण फटक्यांतून त्याच्या कुवतीप्रमाणे काही फटके वजा करतात, म्हणजे त्याला तरबेज खेळाडूशी बरोबरीने झुंजता येते. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. हँडिकॅप फक्त हिशेब बदलतो. वारा, वाळू आणि चेंडू कोणालाही सूट देत नाहीत.

संगणकाने नेमके इथेच वळण घेतले. १९८४ साली जपानच्या निन्तेन्दो कंपनीचा ‘गोल्फ’ हा खेळ आला. त्याची आज्ञावली लिहिणारे सातोरू इवाता पुढे २००२ मध्ये त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. खांदे, कंबर, मनगटे यांच्या मेळातून घडणारा फटका एका बोटात कसा आणायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. पडद्याच्या तळाशी एक पट्टी, तिच्यावर सरकणारी एक खूण. पहिल्या दाबाने खूण निघते, दुसऱ्याने जोर ठरतो आणि परतीच्या वाटेवर तिसऱ्याने अचूकपणा. तिसरा दाब जरा आधी किंवा उशिरा पडला की चेंडू डावी-उजवीकडे भरकटतो. ही तीन दाबांची रीत पुढे अनेक गोल्फ-खेळांनी उचलली.

१९८६ मध्ये अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीच्या ॲक्सेस सॉफ्टवेअरने कमोडोर ६४ या घरगुती संगणकासाठी ‘लीडर बोर्ड’ काढला. त्यात झाडे नव्हती, वाळूचे खड्डे नव्हते. निळ्या पाण्यात हिरवी बेटे तेवढी होती. पण त्यात तीन पायऱ्या होत्या. ‘नॉव्हिस’ला वारा लागत नसे आणि त्याचा चेंडू भरकटतही नसे. ‘ॲमॅच्युअर’चा चेंडू भरकटे. ‘प्रोफेशनल’ला दोन्ही सोसावे लागे. हँडिकॅपने हिशेब बदलला होता. इथे निसर्गच बदलला. एका खेळाडूसाठी वारा वाहतो आणि दुसऱ्यासाठी थांबतो, असे जग खऱ्या मैदानावर कोणालाच रचता आले नसते.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘वर्ल्ड क्लास लीडर बोर्ड’मध्ये झाडे आणि वाळू आली. स्कॉटलंडचे सेंट अँड्र्यूज हे खरे मैदान आले आणि ‘गाँटलेट’ नावाचे मुद्दाम बिकट रचलेले काल्पनिक मैदानही आले. १९९० मध्ये त्याच कंपनीचा ‘लिंक्स’ निघाला. कॅलिफोर्नियातील टॉरी पाइन्सचे मैदान, छायाचित्रांवरून घेतलेला खेळाडू, प्रत्येक फटक्यानंतर हळूहळू रेखले जाणारे नवे दृश्य. त्या काळी लोक ‘वास्तव’ म्हणत ते या चित्राला. फटका मात्र मारायचा तो बटण दाबूनच.

येथे मला एक गंमत दिसते. सर्वात कठीण पायरीला ‘व्यावसायिक’ म्हणायचे आणि तीच सर्वात वास्तव मानायची, हा या खेळांचा जुना रिवाज. पण खऱ्या व्यावसायिकाचा चेंडू बहुधा सरळच जातो. तो रानात जातो नवशिक्याचा. मग बोट केसभर चुकताच चेंडू झाडीत घालणारी पायरी व्यावसायिकाची कशी? वास्तव कोणाचे दाखवायचे, पडद्यावरच्या तरबेज खेळाडूचे की खुर्चीत बसलेल्याचे? पहिले दाखवावे तर खेळ सपक होतो. दुसरे दाखवावे तर दिवसभर चेंडू शोधण्यातच जायचा. माझ्या मते अवघडपणाच्या पायऱ्या म्हणजे या दोन वास्तवांमध्ये दर पिढीने केलेली तडजोड आहे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर पट्टीची जागा हाताच्या हालचालीने घ्यायला सुरुवात केली. माऊस किंवा कांडी मागे ओढायची आणि पुढे ढकलायची. वाकडी ढकलली की चेंडूही वाकडा. त्याच सुमारास टायगर वुड्स यांच्या नावाच्या मालिकेत मात्र चेंडू हवेत असताना बटण दाबून त्याला फिरकी देण्याची सोय आली. हात अधिक खरा झाला आणि चेंडू अधिक खोटा! २००६ च्या ‘वी स्पोर्ट्स’मध्ये तर माणसे दिवाणखान्यात उभी राहून हात फिरवू लागली. त्यातली नऊ भोकांची मैदाने इवातांच्या १९८४ च्या खेळातूनच घेतलेली होती. खरा हात आणि जुने कार्टूनसारखे मैदान यांची ही जोडी घराघरांत आजी-नातवंडांना एकत्र आणू शकली, ती वास्तवाच्या बळावर नव्हे, सोपेपणाच्या बळावर.

अलीकडच्या खेळांत पायऱ्यांची उतरंडच लागली आहे. वारा किती, हिरवळीचा उतार दिसावा की नाही, हाताची लय किती काटेकोर मोजावी, प्रत्येकाची कळ वेगळी. आणि २०२२ मध्ये निघालेल्या ‘पीजीए टूर २के२३’ने तीन दाबांची ती जुनी रीत पुन्हा उपलब्ध करून दिली. म्हणजे अडतीस वर्षांनी वास्तवाची वाट सोडून लोक पट्टीकडे परतले असे नव्हे. पट्टीही एक वास्तव आहे, हे मान्य झाले इतकेच. क्षणभर श्वास रोखायचा आणि नेमक्या वेळी बोट टेकवायचे, हा ताण गोल्फचाच आहे.

गोल्फमध्ये पूर्वापार खेळाडूच्या शब्दावर मोठी भिस्त असते. झाडीआड चेंडू कसा पडला होता हे बहुधा त्याच्या एकट्यालाच ठाऊक असते. संगणकाने मोजणी आपल्याकडे घेतली, पण पायरी निवडण्याचे काम खेळणाऱ्याकडेच ठेवले. वारा बंद करून मिळवलेले ६० फटके आणि वारा सोसून मिळवलेले ८० यांतले मोठे कोणते, हे यंत्र सांगत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते.