एका बाळाला पाच धाया



मुलं सांभाळणाऱ्या बाईंचा पगार ठरवताना एक वाक्य हमखास कानावर येतं : "एकाला सांभाळलं काय नि तिघांना काय, दिवसभर घरातच तर असतात!" माझ्या धाकट्या जावेकडे सध्या हाच प्रश्न आहे. दीड वर्षाची जुळी आणि चार वर्षांची मोठी. मावशी चांगल्या मिळाल्यात, मुलांना त्यांचा लळा लागलाय. पण पगार ठरलाय तो एका मुलाचा. जाऊ म्हणाली, "वहिनी, रास्त काय ते तुम्हीच सांगा." बाजारभाव तर कुणीही सांगेल. मी म्हटलं, आधी आपले जुने ग्रंथ काय म्हणतात ते पाहू.

ज्ञाताधर्मकथेत श्रेणिक राजाच्या मेघकुमाराची गोष्ट आहे. त्याला वाढवायला पाच धाया होत्या : दूध पाजणारी, न्हाऊ घालणारी, नटवणारी, खेळवणारी आणि कडेवर घेणारी. दिगंबर परंपरेच्या मूलाचारातही धात्रीचे असे पाच प्रकार येतात. मेघकुमार राजाचा मुलगा, तिथलं वैभव वेगळं, हे खरं. पण मूल वाढवणं हे एक काम नसून पाच कामं आहेत, हे त्या काळच्या लोकांना नेमकं माहीत होतं. जावेकडच्या मावशी ही पाचही कामं एकट्या करतात, तीही तिघांची. दूध बाटलीतलं असलं तरी बाटल्या उकळायच्या त्यांनाच.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला नियम तर आजही वहीत लिहून ठेवावा असा आहे. वेतन आधी ठरलं असेल तर ठरल्याप्रमाणे द्यावं. ठरलं नसेल तर काम आणि वेळ यांच्या मानाने द्यावं. आपण बहुतेक घरी फक्त वेळ मोजतो. मुलं वाढली की काम वाढतं, ते हिशेबात येतच नाही.

सगळं आधी बोलून न घेण्याची किंमत कोण मोजतं, ते इंग्रजी अमलातल्या आयांनी दाखवलं. साहेबांच्या मुलांना सांभाळत त्या बोटीने विलायतेला जात. परतीच्या तिकिटाची सोय न करता काहींना तिथेच सोडून दिलं जाई. अशा बायकांना आसरा देणारं 'आयाज होम' १९०० पासून लंडनच्या हॅकनी भागात होतं. २०२२ मध्ये त्या वास्तूवर स्मृतिफलक लागला.

आपल्या पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला. पगारवाढ आणि पगारी सुट्टी मागितली, त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला २००८ मध्ये. कायद्याला एवढा वेळ लागला, पण धर्माने केव्हाच सांगून ठेवलंय. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यातले दोन म्हणजे अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध : झेपेल त्यापेक्षा जास्त भार लादणं आणि अन्नपाणी अडवणं. पाठशाळेत हे शिकताना आपल्याला बैल आठवतो. एक जुळं कडेवर, दुसरं पायाशी, अशी जिना चढणारी बाई का आठवू नये?

म्हणून मी जावेला असा हिशेब मांडून दिला. एका मुलाचा चालू दर हा पाया. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुलासाठी त्यावर वेगळी रक्कम, कारण जुळी एकदम रडतात आणि एकदमच भुकेजतात. स्वयंपाक, भांडी यांत धरायची नाहीत. करून घेतली तर त्यांचे वेगळे पैसे. आठवड्याची सुट्टी पगारी. पर्युषणात किंवा दशलक्षणात आपण प्रवचनाला बसतो आणि मावशी जास्त थांबतात, त्या तासांचे पैसे त्याच महिन्यात. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो, मावशी आठला घरी जातात. तेव्हा त्यांचं ताट आपल्याबरोबरच वाढायचं.

एवढं झेपत नसेल तर? तर तास कमी करावेत, जुळ्यांपुरतंच काम सांगावं, मोठीला दुपारी आजीने घ्यावं. काम तेवढंच ठेवून पैसे कापणं हा मार्ग नव्हे.

जावेने हिशेब वहीत उतरवला आणि मावशींना वाचून दाखवला. मावशींनी त्यात एक भर घातली : मोठीला शाळेतून आणण्याची वेळ. ते काम आमच्या दोघींच्याही यादीत नव्हतं. तेही लिहिलं, पगारात धरलं.