शेवटच्या पगाराचा हक्क

नोकरीस रामराम ठोकणाऱ्याचा निरोप गोड असो वा कडू, त्याने कमावलेला शेवटचा पगार त्याच्या हाती पडावयासच हवा. आज ही गोष्ट आपणांस उघड वाटते; पण कायद्याला ती पटावयास दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

१८५९ चा एक कायदा पाहा. उचल घेतलेल्या मजुराने काम सोडले, तर उचल फेडण्याचा किंवा काम पुरे करण्याचा हुकूम मॅजिस्ट्रेटाने द्यावा, आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी सुनवावी, अशी त्यात तरतूद होती. काम सोडणे हा जणू गुन्हाच! मजुरी थकविणाऱ्या मालकास मात्र त्यात शिक्षा नव्हती. हा कायदा १९२५ साली रद्द झाला.

दरम्यान १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतील गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांच्या अर्जात एक मागणी अशी होती की, महिन्याचा पगार निदान पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत तरी मिळावा. इतकी माफक मागणी करावी लागली, यावरून पगार किती रखडत असेल ते ताडावे. बाकी बुडेल या धास्तीने नोकरी सोडण्याचे धैर्य तरी कोणास व्हावे?

पुढे १९३६ साली वेतन देण्याविषयीचा कायदा झाला. आमचा जोयडा, म्हणजे तेव्हाचा सुपा, त्या वेळी मुंबई प्रांतात होता. कायदा प्रथम कारखाने व रेल्वे यांनाच, आणि तोही दरमहा २०० रुपयांखालील पगारास लागू झाला. त्यामुळे याच तालुक्यातील कॅसलरॉक स्थानकावरचा रेल्वेचा हमाल-खलाशी त्याच्या छत्राखाली आला. शेजारच्या रानात ठेकेदाराकडे लाकूड तोडणारा मजूर बाहेरच राहिला. मालकाने काढून टाकल्यास कामाचा दुसरा दिवस संपण्यापूर्वी पगार द्यावा, असे त्यात होते. स्वतः राजीनामा देणाऱ्याचा मात्र उल्लेख नव्हता. त्याने नेहमीच्या सातव्या वा दहाव्या दिवसाची वाट पाहावी.

ही उणीव २०१९ च्या वेतन संहितेने भरून काढली. राजीनामा देणाऱ्यासही कामाच्या दोन दिवसांत पगार मिळावा, असे तीत स्पष्ट म्हटले असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली आहे.

तथापि राजीनाम्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घेण्यास विसरू नये. दिवस कागदावर नसेल, तर ते दोन दिवस मोजावयाचे कोठून? आणि ज्याची नेमणूकच कोठे लिहिलेली नाही, त्या रानातल्या मजुराच्या दारी हा हक्क पोहोचविणे अजून आपल्याकडे बाकी आहे.