दोर आधी, उडी शेवटी

आज आपण पुरातून माणूस बाहेर काढण्याच्या विद्येचा इतिहास बघणार आहोत. ही विद्याच आहे. नुसत्या धाडसाचं ते काम नाही, आणि हे कळायला जगाला बरीच किंमत मोजावी लागली.

आपल्या नदीकाठच्या गावांना पूर नवा नाही. कोल्हापूर-सांगलीकडे गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून पुरातली माणसं बाहेर काढल्याचं जुनी माणसं सांगतात. वाळलेल्या भोपळ्यांची सांगड करून लोक नदी ओलांडत. पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोरं विहिरीत पोहायला शिकत. कोळी आणि भोई समाजाकडे पाण्याचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतं.

पण विहिरीतलं पाणी उभं असतं आणि पुराचं पाणी धावतं. एक मीटर लांब, रुंद आणि खोल हौदात हजार किलो पाणी मावतं. तेवढं वजन धावत अंगावर येतं असं समजा. शिवाय वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. म्हणून वेगाचं पाणी अर्धा फूट असलं तरी धडधाकट माणूस पडतो, एक फुटात लहान गाडी वाहते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या जातात. पट्टीचा पोहणाराही तिथे टिकत नाही.

हे ध्यानात न आल्यामुळे वाचवायला गेलेलेच बुडाले, असं जगभर घडलं. अमेरिकेत बिंगहॅम्टन नावाचं गाव आहे. १९७५ साली तिथल्या नदीवरच्या एका ठेंगण्या बंधाऱ्याखाली माणसं अडकली. त्यांच्यासाठी गेलेल्या अग्निशमन दलाची बोट उलटली आणि जवानांचे जीव गेले. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गरगर फिरतं आणि सापडलेल्याला पुन्हा पुन्हा आत ओढतं. त्या प्रसंगाचं चित्रीकरण झालं होतं. पुढे ते जवानांना शिकवण्यासाठी दाखवलं गेलं. आपल्याकडच्या बंधाऱ्यांवरून पाणी वाहत असतं तेव्हा खालच्या अंगाला हाच धोका असतो, हे विसरू नका.

१९७९ च्या सुमारास अमेरिकेतच, कॅलिफोर्नियात, वाहत्या पाण्यातल्या बचावाचे वेगळे वर्ग सुरू झाले आणि पुढे जगभर पसरले. त्यात पहिला धडा क्रमाचा असतो. आधी काठावरून हाक मारा. मग काठी पुढे करा. काठी पोहोचत नसेल तर दोर फेका. तेही जमलं नाही तर बोट घाला. पाण्यात उतरायचं ते सगळ्यात शेवटी, आणि शिकलेल्यानेच.

दोराचीही रीत आहे. फेकायचा दोर तरंगणारा हवा. तो पिशवीत भरलेला असला की फेकताना गुंता होत नाही. दोराचं टोक आपल्या कमरेला किंवा मनगटाला कधीच गुंडाळायचं नाही, कारण बुडणाऱ्याच्या ओढीने आपणही आत जातो. एक जण वरच्या अंगाला उभा राहून वाहून येणारे ओंडके बघतो. दुसरा खालच्या अंगाला दुसरा दोर घेऊन तयार असतो. आणि वाहून जाणाऱ्याने उताणं व्हायचं, पाय पुढे ठेवायचे, उभं राहायची घाई करायची नाही. पाय दगडात अडकला तर पाणी माणसाला खाली दाबतं.

आपल्या राज्याकडे वळू. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला धरणं फुटली, पुणं बुडालं. तेव्हा अशा कामासाठी तयार केलेलं वेगळं दल देशात नव्हतं. २००१ चा भूजचा भूकंप, २००४ ची त्सुनामी आणि २६ जुलै २००५ चा मुंबईतला पाऊस एवढं सोसल्यावर २००५ च्या अखेरीस आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. २००६ मध्ये राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं. त्याची पाचवी बटालियन पुणे जिल्ह्यात सुदुंबरे इथे आहे.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली. तेव्हा महाबळेश्वर परिसरातले ट्रेकर दोरावरून खाली उतरले. डोंगर चढण्यासाठी शिकलेला दोर तिथे उपयोगी पडला.

आणि मग ब्रह्मनाळ. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. ८ ऑगस्ट २०१९ ला, महापुरात, लोकांना बाहेर नेणारी गावचीच बोट उलटली. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं होती. गेलेल्यांत बायका आणि लेकरं अधिक होती. बोट चालवणाऱ्यांच्या मनात वाचवण्याचीच तळमळ होती. पण बोटीत किती जण घ्यायचे आणि पुढच्या फेरीसाठी कुणी थांबायचं, हे ठरवणं हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे. पाणी चढत असताना कुणाला थांब म्हणणं किती अवघड, हे लेकरू कडेवर घेतलेल्या आईला विचारा. म्हणूनच हे पाणी येण्याआधी गावात ठरलेलं हवं.

मोठं दल येईपर्यंत वेळ जातो. पहिल्या तासात शेजारीच शेजाऱ्याला वाचवतो. हे ओळखून २०१६ मध्ये केंद्राने 'आपदा मित्र' योजना सुरू केली. पूरप्रवण ३० जिल्ह्यांत प्रत्येकी २०० स्वयंसेवक, असं तिचं पहिलं रूप होतं. पुढे ती साडेतीनशे जिल्ह्यांपर्यंत वाढवली गेली. त्यात बायकाही शिकतात.

हे काम बायकांचं नाही असं कुणी म्हटलं, तर तामिळनाडूतलं कोट्टरै गाव सांगा. ऑगस्ट २०२० मध्ये तिथे चार तरुण धरणाच्या पाण्यात बुडत होते. काठावरच्या तिघी जणींनी अंगावरच्या साड्या सोडून त्यांच्याकडे फेकल्या. दोघे वाचले, दोघे गेले. साडीच्या जागी तरंगता दोर हाताशी असता तर, असं मनात येतंच.

तेव्हा मैत्रिणींनो, पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत बचत गटाने चार प्रश्न विचारावेत. गावच्या बोटीत माणशी एक लाइफ जॅकेट आहे का? बोटीवर किती जण बसायचे, तो आकडा रंगवलेला आहे का? फेकायचा दोर कुठे ठेवलाय आणि तो कुणाला येतो? आपल्या गावातून आपदा मित्र म्हणून कोण शिकून आलंय? जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा. आणि शिकायला जायची यादी निघेल, तेव्हा त्यात आपल्यातल्या दोघींची तरी नावं असू द्या.