पेजेची वाटी आणि १९७१ सालचा कॉलरा

हेडफोन लावून ऐकणाऱ्यांना नमस्कार, आणि लोकलच्या गर्दीत उभं राहून ही लिखित प्रत वाचणाऱ्यांनाही. आजच्या इतिहासात राजे नाहीत, लढाया नाहीत. एक वाटी आहे.

मे महिन्यात आम्ही कुडाळजवळच्या गावी जायचो. आंबे, फणस, विहिरीचं पाणी... दोन दिवसांत माझं पोट बिघडलंच म्हणून समजा. मग एकच मेनू. उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ, कडेला बोटभर लिंबाचं लोणचं. आजी शेजारी बसून चमचा तोंडाशी धरायची. "बाबू, वायच पेज पी रे." मी नाही म्हणायचो. ती पाच मिनिटं थांबायची आणि पुन्हा चमचा पुढे.

ही पेज नेमकं काय करते, ते मला बीटेक झाल्यावर कळलं, तेही रात्री दोन वाजता यूट्यूबवर!

जुलाबात किंवा कॉलऱ्यात माणूस दगावतो तो मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. शिरेतून सलाइन देणं डॉक्टरांना माहीत होतं, पण त्याला सुई, बाटली आणि शिकलेला हात लागतो. नुसतं पाणी पाजलं तर आतडं ते नीट शोषत नाही. १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी आतड्याची एक गंमत मांडली. तिथल्या पेशींत एक दार असतं, बँकेच्या लॉकरसारखं, दोन चाव्या लागणारं. सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच ते उघडतं, आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. पेजेत तांदळाच्या स्टार्चचं पोटात ग्लुकोज होतं, आणि मीठ म्हणजे सोडियम. दोन्ही चाव्या एकाच वाटीत!

आता १९७१. बांगलादेशचं युद्ध सुरू आहे. सीमेवरच्या बनगावात निर्वासितांच्या छावण्या भरल्यात आणि त्यांत कॉलरा पसरलाय. कोलकात्याहून डॉ. दिलीप महलानबीस तिथे पोचतात. सलाइन संपत येतंय, रुग्ण जमिनीवर पडलेत. तेव्हा ते एक मोठा निर्णय घेतात : जमेल त्याला तोंडाने पाजायचं. एका लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम खायचा सोडा. हे मिश्रण कोलकात्यात प्लास्टिकच्या पिशव्यांत भरलं गेलं आणि पिशव्या गरम इस्त्रीने बंद केल्या गेल्या. छावणीत नळ लावलेले ड्रम ठेवले. नर्स पुरेशा नव्हत्या, म्हणून आई, भाऊ, नवरा, जो सोबत असेल तो कपाने पाजत बसला. आधी शंभरातले वीस-तीस जण दगावत होते. हे सुरू झाल्यावर प्रमाण चारच्याही खाली आलं.

पुढे १९८० पासून बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या बायका दारोदार फिरल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, हे त्यांनी एक कोटीहून जास्त घरांत हाताने करून दाखवलं. ढाक्यात तांदळाच्या पिठाचं ओआरएससुद्धा तपासलं गेलं, आणि कॉलऱ्यात ते चांगलं चाललं.

हे सगळं वाचून मी आजीला व्हिडिओ कॉल केला. म्हटलं, "आजी, तू नकळत सायन्स करत होतीस!" मला वाटलं, हसेल.

ती गप्प झाली. मग तिने मला पहिल्यांदाच सांगितलं की माझ्या बाबांच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. साठच्या दशकातली गोष्ट. दीड वर्षाची पोर, जुलाब लागले. घरातली मोठी माणसं म्हणाली, पाणी दिलं की पुन्हा बाहेर पडतं, पाणी बंद करा. चुलीवर पेजेचं तपेलं होतं, आणि पोरीच्या ओठांना थेंब नाही. दुसऱ्या दिवशी ती गेली.

आपल्याकडे फॉरवर्ड फिरतात ना, 'पूर्वजांना सगळं माहीत होतं' वगैरे? मंडळी, माहीत नव्हतं. पेज होती, मीठ होतं. पण आजारी लेकराला प्यायला द्यायचंच आणि देत राहायचं, ही खात्री नव्हती. ती खात्री प्रयोगशाळेतून आणि बनगावच्या त्या जमिनीवरून आली. म्हणून आज घरात कुणाला जुलाब झाले तर ओआरएसचं पाकीट आणा, त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा, घोट घोट पाजा, आणि लहान मूल असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. सोबत पेजही द्या.

आजी माझ्या उशाशी पाच-पाच मिनिटं का थांबायची, ते मला त्या कॉलनंतर कळलं. मी मात्र दर वेळी तोंड फिरवायचो.

तुमच्या घरी आजारपणात काय मिळायचं? मऊभात-मेतकूट, साबुदाण्याची लापशी, की चहात बुडवलेलं बिस्किट? व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटूच.