तू कोण, कुठला? : मानखुर्दच्या वेशीवरून केलेले एक वाचन

मराठी समीक्षेत ‘अस्मिता’ हा शब्द इतका वापरला गेला आहे की त्याची धार आता बोथट झाली आहे. साहित्याच्या अभ्यासकाने निदान काही काळ तो बाजूला ठेवून त्यामागचा साधा, रोजच्या व्यवहारातला प्रश्न हाती घ्यावा असे वाटते. तो प्रश्न म्हणजे ‘तू कोण, कुठला?’. वरवर पाहता ही केवळ चौकशी आहे. पण हा प्रश्न कोण कोणाला विचारतो, उत्तर देणे कोणावर बंधनकारक असते आणि चुकीच्या उत्तराची किंमत कोण मोजतो, याकडे लक्ष दिले की सत्तेचा सारा व्यवहार उघडा पडतो. प्रश्न विचारण्याचा अधिकार हीच सत्ता, अशी या लेखामागची धारणा आहे. ती तपासण्यासाठी एकीकडे १९६०च्या आसपासच्या काही कथा-कादंबऱ्या आणि दुसरीकडे मुंबईच्या पूर्व टोकाचे मानखुर्द, अशी दोन टोके घेतली आहेत.

बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा त्याच नावाच्या संग्रहात १९६३ साली आली. वर्गात ती बहुधा जातिव्यवस्थेच्या क्रौर्याची कथा म्हणून शिकवली जाते, आणि ती तशी आहेच. पण तिचा सांगाडा पाहिला तर ती निवाऱ्याचीही कथा आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी उधन्याला आलेल्या तरुणाला राहायला जागा हवी आहे. नोकरी देताना त्याला जात आडवी आलेली नाही. जागा मागताना मात्र ती पहिल्याच वाक्यात आडवी येते. तो सरळ खोटे बोलत नाही, मोठमोठ्या शब्दांआड स्वतःला झाकतो आणि समोरचा माणूस आपल्या सोयीने त्याला उच्चवर्णीय समजून घेतो. कथेच्या नावातले ‘चोरली’ हे क्रियापद म्हणूनच नीट वाचायला हवे. जी वस्तू आपल्यावर लादली गेली तीच लपवली म्हणून चोर ठरावे, असा हा उफराटा न्याय आहे. त्याच कारखान्यातला काशिनाथ मात्र लपत नाही. तो विचारणाऱ्याच्याच अंगावर जातो. निवेदकाला मार बसतो तेव्हा हाच काशिनाथ धावून येतो. आणि निवेदक म्हणतो तरी काय, तर आपल्याला या माणसांनी नव्हे, मनूने मारले. पुष्कळ वाचकांना हे उत्तर थोर वाटते. मला ते निवेदकाच्या सुशिक्षितपणाचे शेवटचे आवरण वाटते. प्रश्न विचारण्याचा अधिकारच नाकारण्याचे धाडस काशिनाथात आहे.

एका खोलीच्या दाराशी जो प्रश्न एका माणसाला विचारला जातो, तोच प्रश्न एका संपूर्ण वस्तीला विचारला गेला तर काय होते, हे पाहायचे असेल तर मानखुर्दकडे यावे लागते. मिठागरे, खाजणे आणि खाडी यांच्या कडेचे हे गाव शहराने आपल्या नकोशा गोष्टी ठेवण्याची जागा म्हणून वापरले. शेजारच्या देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची आहे. नकोशा गोष्टींत पुढे माणसेही आली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मूळ शहरातून हटवलेल्या गरिबांना या बाजूच्या दलदलीत आणून बसवण्यात आले आणि त्यातून जनता कॉलनी उभी राहिली. ती अतिक्रमणातून उभी राहिली नव्हती, प्रशासनानेच ही माणसे तिथे आणली होती, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. दलदल बुजवून जमीन राहण्याजोगी केली ती मात्र रहिवाशांनी.

शेजारी १९५४ साली अणुऊर्जेची संस्था आली. १९६७ पासून ती भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखली जाते. तिला ही जागा हवी झाली. वस्तीने वर्षानुवर्षे दाद मागितली, न्यायालये झाली, दिल्ली झाली. या लढ्याच्या अग्रभागी होता कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून मुंबईत आलेला जोकिन अर्पुथम हा तरुण. मुलांना जमवून वस्तीत साठलेला कचरा महापालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन टाकण्याची त्याची कृती प्रसिद्ध आहे. तीत थोडा काशिनाथ दिसतो. अखेर आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, सुमारे ७०,००० लोकांची ही वस्ती उठवून लोकांना जवळच्याच चीता कॅम्पच्या खाजणात हलवण्यात आले. म्हणजे दलदल बुजवण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून.

त्याच वर्षी, ४ जानेवारी १९७६ रोजी, सरकारने मुंबईतील झोपड्यांची एका दिवसात गणना केली होती. तीतून ‘फोटोपास’ हा दस्तऐवज रूढ झाला. पुढे गणनेची जागा पात्रतेच्या तारखेने घेतली. १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० या तारखांच्या अलीकडे आलात की पलीकडे, यावर माणसाचे असणे ठरू लागले. ‘तू कोण?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘तू केव्हापासून?’ हाही आला. जात न विचारणारी ही भाषा वरकरणी आधुनिक आहे. प्रश्नकर्ता मात्र अजूनही दाराच्या आतच उभा आहे.

मराठी कादंबरीने हे जग पाहिले नाही असे नाही. जयवंत दळवींची ‘चक्र’ (१९६३) आणि मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) यांनी झोपडपट्टीला साहित्यात जागा दिली, आणि ती सहानुभूतीने दिली. पण या दोन्ही कादंबऱ्यांत वस्तीचा अर्थ वाचकाच्या आधीच ठरलेल्या नजरेत आकार घेतो. माणसे चक्रात सापडतात, चिखलात रुततात. हालचाल पुष्कळ होते, बदल होत नाही. १९८१ सालचा ‘चक्र’ चित्रपट पाडापाडीपाशी संपतो, यात नवल नाही.

अण्णाभाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत गोष्ट वेगळी होते. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत वर्षानुवर्षे राहिले. मानखुर्द तिथून फार दूर नाही. कथेतला भीमा वारणाकाठचा. पोटासाठी मुंबईत आला आणि उपनगरातल्या खाणीत दगड फोडू लागला. खाण बंद पडते. एके दिवशी त्याला चितेच्या राखेत सोने सापडते आणि तो मुडद्यांवर जगू लागतो. त्याचा युक्तिवाद अण्णाभाऊ अत्यंत गंभीरपणे मांडतात. श्रीमंताचे प्रेतसुद्धा तोंडात सोने घेऊन जाते आणि जिवंत माणूस उपाशी राहतो, तर पाप कोणाचे? एका रात्री कोल्ह्यांशी झुंजत असताना त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. ती कापावी लागतात, आणि नेमकी त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

या शेवटाला योगायोग म्हणणारे समीक्षक एक गोष्ट विसरतात. खाण बंद करणे आणि उघडणे या दोन्ही गोष्टी भीमाच्या हाती नव्हत्या, त्याच्या हाती होती फक्त बोटे. शिवाय भीमा कोण हे कथेत कोणी त्याला विचारत नाही. तो स्वतःच स्वतःला विचारतो, आणि उत्तर श्रमातून देतो. बोटे गेल्यावर तो रडतो तो गुन्ह्याच्या पश्चात्तापाने नव्हे. डोंगर फोडणारा भीमा ही त्याची ओळख गेली म्हणून. दळवी-कर्णिकांच्या पात्रांची आपण कीव करतो. भीमाची कीव करणे जमत नाही, त्याला उत्तर द्यावे लागते.

आपली नोंद आपणच करण्याची ही वृत्ती साहित्याबाहेरही दिसते. १९८५ साली ‘स्पार्क’ या संस्थेने मुंबईच्या पदपथांवरील कुटुंबांची पाहणी केली आणि तिला ‘वी, द इन्व्हिजिबल’, म्हणजे ‘आम्ही अदृश्य’, असे नाव दिले. त्या नावातले प्रथमपुरुषी अनेकवचन महत्त्वाचे आहे. जनता कॉलनीच्या लढ्यातून घडलेल्या अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ याच प्रवाहातला. त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. मोजणारे आपलेच लोक असले तर मोजणीचा अर्थ बदलतो, ही या कामातली मूळ कल्पना होती. अर्थात यादी म्हणजे कथा नव्हे. यादीत माणूस एकदाच येतो, कथेत तो बदलू शकतो.

लोहमार्गाकाठची कुटुंबे या शतकाच्या पहिल्या दशकात मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडमध्ये आली. प्रत्येकी २२५ चौरस फूट. पुन्हा एकदा शहराने माणसे पूर्वेला सरकवली होती, या वेळी चार भिंती आणि क्रमांकासह. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात मानखुर्द ज्यात येते तो एम-पूर्व विभाग शहराच्या २४ विभागांत तळाला होता, निर्देशांक ०.०५. आमच्या अभ्यासक्रमातले झोपडपट्टीचे साहित्य मात्र अजून माहीमच्या खाडीपाशीच थांबले आहे. चीता कॅम्पमध्ये तमिळ, मल्याळम, उर्दू, हिंदी आणि मराठी एकाच गल्लीत बोलल्या जातात. तिथला काशिनाथ कोणत्या भाषेत उलट उत्तर देत असेल, हे शोधायला मराठी विभागाच्या वाचनयादीबाहेर पडावे लागेल, आणि शेजारच्या विभागांतील सहकाऱ्यांकडे आपणच काही विचारायला जावे लागेल.